टिळा लावलेल्या स्लाइड्स

माझे वडील उलटं वाचायचे. आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो. सातपूरच्या एका कारखान्यात ते डाय बनवायचे. म्हणजे पत्र्यावर जी अक्षरं किंवा चिन्हं उठवायची असतील, ती आधी पोलादाच्या ठोकळ्यात कोरायची. आणि कोरायची तीही उलटी, म्हणजे प्रेसखाली दाबल्यावर पत्र्यावर सरळ उठतात. वर्षानुवर्षं हेच केल्यामुळे उलटं काय आणि सुलटं काय, त्यांना दोन्ही सारखंच झालं होतं. न्हाव्याच्या खुर्चीत बसून ते आरशातून मागच्या दुकानाची पाटी खडाखडा वाचायचे. न्हावी म्हणायचा, मान हलवू नका. माझ्या आईचं म्हणणं असं की लग्नाच्या बोलणीत यांनी आपल्याला नक्की उलटं पाहिलं असणार, नाहीतर एवढ्या लवकर पसंती आली नसती.

सत्तरचं दशक संपत आलं होतं आणि मी दहावी झाले होते. मला चित्रकला शिकायची होती. आमच्या कॉलनीतल्या मुली दहावीनंतर टायपिंगला जायच्या आणि तिथून कुठल्यातरी ऑफिसात. अण्णांना त्यात काही गैर वाटत नव्हतं, मला मात्र त्या टकटकीचा नुसता आवाज ऐकूनच डोकं उठायचं. आठ दिवस मी जेवताना कोणाशी बोलले नाही. नवव्या दिवशी अण्णांनी भाकरी मोडता मोडता निकाल दिला.

"एक वरीस. फाउंडेशन का काय ते कर. पण सगळे पेपर एका दमात पास व्हायचे. एक बी राहिला तर टायपिंग. मग रडायचं नाय."

"नाही रडणार," मी म्हणाले आणि लगेच रडले.

आमची कलाशाळा गंगेकडे, म्हणजे आमच्या गावच्या नदीकडे, उतरणाऱ्या रस्त्यावर, भांड्यांच्या दुकानाच्या वर होती. खाली दिवसभर तांब्याची भांडी ठोकली जायची आणि वर आम्ही पंधरा जण आदिमानवापासून सुरुवात करून बसलो होतो. रेखाटन, रंगकाम, मातीकाम या हाताच्या विषयांची मला भीती नव्हती. भीती होती ती एकाच लेखी पेपरची, त्याचं नाव कलेचा इतिहास. चित्रं, शिल्पं, इमारती, सगळ्या जगाच्या, सगळ्या काळातल्या, एका वर्षात. सरांनी पहिल्याच दिवशी वेळापत्रक सांगितलं: दसऱ्यापर्यंत इजिप्त उरकायचं, दिवाळीच्या आत ग्रीस, संक्रांतीला रोम सोडायचं, होळीच्या आधी युरोप संपवून परत आपल्या लेण्यांमध्ये यायचं आणि मग परीक्षा.

सर पन्नाशीचे, बारीक, कायम खिशाला खडूची पावडर. अजिंठा-वेरूळच्या पलीकडे ते कधी गेले नव्हते, पण रोमबद्दल बोलायला लागले की वाटायचं, तिथे दोन वर्षं भाड्याने राहून आले आहेत. "चौकात उभं राहिलं ना, की उजव्या हाताला खांब," असं ते डोळे मिटून म्हणायचे. मला ते फार आवडायचे. आजही आवडतात, आणि पुढे जे झालं त्याचा राग त्यांच्यावर मला एक दिवससुद्धा धरता आला नाही.

त्या वर्षी सरांनी एक मोठं काम केलं होतं. कोणाचातरी कॅमेरा मागून आणून, वाचनालयात बसून त्यांनी पुस्तकांतल्या चित्रांच्या स्लाइड्स तयार केल्या होत्या. प्रत्येक स्लाइडला पुठ्ठ्याची चौकट स्वतः कापून लावली होती. आपल्या लेण्यांचे फोटो मात्र त्यांनी स्वतः डोंगर चढून काढले होते. खिडक्यांना काळी घोंगडी टांगायची, प्रोजेक्टर लावायचा, आणि भिंतीवर एकदम मंदिर उभं राहायचं. आम्ही पुस्तकातली टिकलीएवढी काळी चित्रं पाहिलेली माणसं. पहिल्यांदा भिंतभर स्लाइड पडली तेव्हा मागच्या बाकावरून कोणीतरी चक्क शिट्टी वाजवली आणि सर रागावले नाहीत.

प्रोजेक्टरमध्ये स्लाइड घालायचं काम शाळेच्या शिपायांचं. ते सटाण्याकडचे, आम्ही त्यांना मामा म्हणायचो. स्लाइड प्रोजेक्टरमध्ये डोकं खाली करून घालावी लागते, तेव्हा चित्र भिंतीवर सरळ पडतं. मामांना हे काही केल्या लक्षात राहायचं नाही. इजिप्तचा राजा दोन आठवडे पाय वर करून बसला. सर ओरडायचे, मामा पुटपुटायचे, आणि आम्ही मान वाकडी करून टिपणं घ्यायचो.

मग दसरा आला. खंडेनवमीला हत्यारांची पूजा होते, तशी मामांनी शाळेच्या प्रोजेक्टरची पूजा केली. झेंडूचा हार घातला, नारळ फोडला, आणि पेटीतल्या स्लाइड्स ताटात मांडून एकेकीच्या चौकटीला वरच्या बाजूला मधोमध कुंकवाचा टिळा लावला. एकही सोडली नाही. पूजेशी आमच्या घराचा संबंध नव्हता, पण पेढ्यांशी होता, त्यामुळे मी हजर होते. सरांनी टिळे पाहिले आणि कपाळावर हात मारला. मग त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू आलं.

"मामा, अहो हे तर फार झकास झालं. आता चुकायचं कामच नाही. टिळा आपल्याकडे आणि टिळा खाली. एवढं लक्षात ठेवा."

मामांनी ते असं लक्षात ठेवलं की त्या दिवसानंतर एकही चित्र पाय वर करून आलं नाही. ग्रीस सरळ, रोम सरळ. सर खूश, आम्ही खूश. कुणाच्याही ध्यानात आलं नाही ते एवढंच की सर पेटीत स्लाइड्स पालथ्या ठेवायचे, धूळ बसू नये म्हणून. मामांनी त्या तशाच पालथ्या उचलून ताटात मांडल्या होत्या. म्हणजे टिळा लागला तो पाठीला. टिळा आपल्याकडे ठेवला की स्लाइडची पाठ आपल्याकडे व्हायची, आणि भिंतीवर चित्राचं डोकं वर यायचं खरं, पण डावं ते उजवीकडे आणि उजवं ते डावीकडे जायचं.

दसऱ्यापासून परीक्षेपर्यंत आम्ही जगातली यच्चयावत कला आरशात पाहिली. सरांना कसं कळलं नाही, हे पुढे मला खूप जणांनी विचारलं. सर भिंतीकडे पाठ करून, तोंड आमच्याकडे करून शिकवायचे. त्यांचं डावं ते आमचं उजवं. आयुष्यभर बोलताना ते मनात अदलाबदल करत आले होते. आम्ही कधी म्हटलं, "सर, तो डावीकडे आहे," की ते म्हणायचे, "हो हो, तुमच्या डावीकडे," आणि पुढे जायचे.

आणि आम्हाला तरी काय कळणार होतं? आम्ही आपले आपल्या परीने कला समजून घेत होतो. हात तुटलेल्या ग्रीक मूर्तीचं एवढं कौतुक चाललेलं पाहून माझी मैत्रीण हळूच म्हणाली, "आपल्याकडे मूर्ती भंगली की गंगेत सोडतात, आणि यांनी तिच्यासाठी इमारत बांधली." युरोपातल्या उंच चर्चना बाहेरून दगडी टेकू दिलेले असतात, ते मला मनापासून पटले. आमच्या कॉलनीतल्या एका भिंतीला असेच टेकू दिले होते, तेव्हा नगरपालिकेने तिच्यावर नोटीस चिकटवली होती. तिकडे त्यालाच शैली म्हणत होते.

होळीच्या सुमारास आम्ही ठरल्याप्रमाणे आपल्या लेण्यांकडे परतलो. वर्गात त्यांना पांडवलेणी म्हणायचे, आमच्या घरी बुद्धलेणी, आणि बसच्या कंडक्टरला दोन्ही चालायचं. आम्ही दरवर्षी बुद्धपौर्णिमेला पांढरे कपडे घालून तिथे जायचो. तिथल्या एका विहाराच्या ओसरीखाली सहा दगडी गडी आहेत, कमरेपर्यंत जमिनीत गाडल्यासारखे, आणि त्यांनी खांद्यावर तुळया घेऊन अख्खी ओसरी पेललेली आहे. सरांनी ती स्लाइड लावली आणि म्हणाले, "हे परीक्षेत येणारच. आकृतीसह. डोळ्यांत भरून घ्या." मी भरून घेतलं. एका टोकाच्या गड्याचा चेहरा पार झिजलेला होता, तोसुद्धा मी डाव्या हाताला नीट झिजवून काढला.

परीक्षेला आठवडा होता. अण्णा पहिली पाळी करून दुपारी घरी आले होते आणि मी टेबलावर त्या सहा जणांची आकृती पाठ करत होते, म्हणजे न बघता काढत होते. अण्णा चहाचा कप घेऊन मागे उभे राहिले.

"हे उलटं हाय."

"काय उलटं आहे?"

"झिजलेला गडी त्या टोकाला. उजव्या हाताला. तू इकडं काढला."

मला इतका राग आला की काय सांगू. वर्षभर रात्रंदिवस मी घोकत होते, आणि हे चहा पिता पिता चूक काढणार! मी म्हणाले, "अण्णा, आम्हाला हे स्लाइडवर दाखवलंय. सरांनी स्वतः फोटो काढलाय. तुम्हाला सगळं उलटंच दिसतं."

अण्णांनी फुर्रकन चहा ओढला. "मग डाय म्हणून बरोबर हाय," ते म्हणाले. "छापल्यावर सरळ येईल."

ते माझी चेष्टा करताहेत असं वाटून मी वहीतला कागद टरकावला, चुरगळला आणि कोपऱ्यात फेकला. संध्याकाळी झाडताना तो दिसला नाही. बंबात गेला असेल, असं वाटलं. मी दुसऱ्या कागदावर तेच पुन्हा काढलं, झिजलेला गडी डावीकडेच, आणखी ठसठशीत.

पेपर मला मस्त गेला. पाच आकृत्या काढल्या, एका प्रश्नाला गरज नसताना सहावी काढली. सहा गडीही आलेच. घरी येऊन मी सांगून टाकलं की टायपिंगवालीने माझी वाट पाहू नये.

निकालाच्या दिवशी आमच्या शाळेच्या नावापुढे फक्त रेघ होती. निकाल राखून ठेवला होता. सरांना परीक्षेच्या कचेरीतून पत्र आलं: पंधराच्या पंधरा विद्यार्थ्यांनी कलेच्या इतिहासात एकसारख्या चुका केल्या आहेत, सामुदायिक कॉपीचा संशय आहे, खुलासा करावा. सोबत चुकांची यादी होती. कुठला माणूस कुठल्या बाजूला काढलाय, कुठलं दार, कुठला खांब. सरांनी ती आम्हाला वाचून दाखवली. मामा दारात उभे होते, आणि खाली भांडी ठोकणं चालूच होतं.

यादीत शेवटी सहा गडी होते. झिजलेला चेहरा चुकीच्या टोकाला, सर्व उत्तरपत्रिकांत.

मी कुणाला काही न सांगता घरी गेले. वाटेत ठरवलं होतं की अण्णांना सहज, बोलता बोलता विचारायचं. प्रत्यक्षात चपला न काढताच मी म्हणाले, "अण्णा, तुमचं बरोबर होतं आणि आमचा निकाल अडकलाय."

त्यांनी एका शब्दाने टोचलं नाही. हेच मला जास्त लागलं. "सुट्टीच्या दिवशी सरांना घेऊन ये," ते म्हणाले. "आन् ती स्लाइड."

सुट्टीच्या सकाळी आम्ही चौघं डोंगर चढलो. पुढे अण्णा, मग धापा टाकणारे सर, मग स्लाइडची पेटी छातीशी धरलेले मामा, मागे मी. विहारासमोर पोचायच्या आधी, वळणावरच अण्णा थांबले.

"सर, झिजलेला गडी कुठल्या हाताला?"

"डाव्या," सर ताबडतोब म्हणाले. "हजार वेळा शिकवलंय."

"या. बघा."

सर पुढे झाले. सहा गडी ओसरी पेलून बसले होते, इतकी शतकं बसलेत तसेच. झिजलेला चेहरा उजव्या टोकाला होता. सरांनी पेटीतून स्लाइड काढली, आकाशाकडे धरली, फिरवली, टिळ्याकडे पाहिलं, पुन्हा फिरवली. आणि तिथल्याच दगडावर खाली बसले.

"यामा मनी काय चूक शे, सर?" मामा रडवेले होऊन म्हणाले.

"तुमची नाही हो," सर म्हणाले. "मी इथे एकदाच आलो, फोटो काढायला. त्यानंतर फोटोच बघत राहिलो."

मला तर तेवढंही म्हणायची सोय नव्हती. मी दरवर्षी येत होते. पायऱ्या चढून थेट आत जायचं, हात जोडायचे, डबा सोडायचा, घरी. या सहा जणांच्या डोक्यावरून मी किती वेळा ओसरीत चढले असेन. मी अण्णांना विचारलं की त्यांना कसं लक्षात राहिलं.

"तुम्ही समदे आत जाता ना, तवा मी हितंच उभा ऱ्हातो," अण्णा म्हणाले. "अख्ख्या लेण्यात कामावर असलेले हे सहाच जण हायेत. कुणीतरी बघायला नको?"

मला खूप लाज वाटली. एवढं मी वर्षभरात कशासाठीही शरमले नव्हते.

पुढे कचेरीतून एक साहेब चौकशीला आले. आम्ही घोंगडी टांगली, मामांनी प्रोजेक्टर लावला, टिळा आपल्याकडे, टिळा खाली. सरांनी काही लपवलं नाही. खंडेनवमीपासून सगळं सांगितलं. साहेब आधी गंभीर होते. झेंडूच्या हारापाशी आले तेव्हा त्यांनी रुमाल काढला, आणि पेटीत स्लाइड्स पालथ्या ठेवण्यापर्यंत गोष्ट गेली तेव्हा ते रुमालात तोंड घालून हसत होते. कॉपीचा ठपका तिथल्या तिथे निघाला.

"पण मार्क उत्तरपत्रिकेत जे काढलंय त्याचेच मिळतील," डोळे पुसत ते म्हणाले. "चूक ती चूक."

निकाल लागला. गंमत अशी, की ज्यांनी कंटाळा करून एखाददुसरीच आकृती काढली, बाकी नुसतं लिहिलं, ते सगळे पास झाले. मी सहा आकृत्या काढल्या होत्या. मी चार मार्कांनी राहिले.

मी रडले नाही. कबूल केलं होतं ना. दुसऱ्या दिवशी स्वतः जाऊन टायपिंगच्या क्लासचा फॉर्म घेऊन आले, टेबलावर ठेवला आणि पेनाचं टोपण काढून बसले. नाव लिहिण्याच्या रकान्यापुढे काही माझा हात जाईना.

दुपारी अण्णा कारखान्यातून आले. हात धुवायला मोरीत न जाता सरळ टेबलाशी आले आणि खिशातून तेलकट फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी काढून माझ्यापुढे ठेवलं. मी फडकं उलगडलं. आत तळहाताएवढा पितळी पत्रा होता आणि त्याच्यावर सहा गडी ओसरी पेलून उठले होते. फडक्यात आणखी एक कागद होता, हाताने सपाट केलेला, चुरगळल्याच्या सगळ्या घड्यांसकट. परीक्षेआधी मी फेकला होता तोच.

"तुझ्या चित्रावरनं डाय कोरली," अण्णा म्हणाले. "जशाला तशी. काही बदललं नाय. आता ह्यात चूक दाखव."

त्यांनी खिशातलं कामाचं भिंग माझ्या हातात दिलं. मी एकेका गड्यावरून भिंग फिरवलं. झिजलेला चेहरा उजव्या टोकाला, जिथे असायला हवा तिथेच होता. रेघ न् रेघ माझी होती. तिसऱ्या गड्याचं कोपर मी नेहमी जाड काढायचे, तेही त्यांनी जाडच कोरलं होतं. मला पुढचं नीट दिसेना.

"कोपर जाड झालंय," मी कशीबशी म्हणाले.

"ते तुझं हाय. ते पुढच्या वर्षी सुधार," अण्णा म्हणाले. "कलाशाळेचा फॉर्म कधी मिळतो?"

आणि टेबलावरचा टायपिंगचा फॉर्म उचलून त्यांनी त्याला हाताचं तेल पुसलं.